बिलं झोपवणारे भावजी

कुठल्याही कायद्याला थोपटून झोपवू शकेल असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. मुलं मात्र त्यांच्याच्यानं कधी झोपली नाहीत. माझी भाची तान्ही असताना भावजींनी तिला मांडीवर घेतलं की पाच मिनिटांत भावजी घोरायला लागत आणि भाची टक्क जागी राहून त्यांच्या चष्म्याशी खेळत बसे. पण विधानसभेत आलेलं बिल, मग ते कितीही धट्टंकट्टं असो, भावजींनी मनावर घेतलं की दोन अधिवेशनांत डोळे मिटायचं. हे काम ते इतक्या मायेनं करीत की बिल मांडणाऱ्यालासुद्धा आपलं बिल झोपलंय हे उशिरानं कळे.

मुलुंडच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी ताईकडे राहायला आले. मुलुंड तेव्हा फार शांत होतं. रेघा मारून आखल्यासारखे सरळ रस्ते, रस्त्यांवर माणसांपेक्षा झाडं जास्त, आणि थंडीच्या दिवसांत डोंगरावरून उतरलेलं धुकं नऊ वाजेपर्यंत फाटकापाशी रेंगाळत राही. एका दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्या ताईच्या होत्या. पुढे लाकडी कठड्याचा व्हरांडा आणि व्हरांड्यात भावजींची आरामखुर्ची. भावजी फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या आजारपणाच्या खात्यात होते. आयुष्याचा विमा लोकांना ठाऊक होता, पण आजारपणाचाही विमा असतो म्हटल्यावर माणसं आधी हसत आणि मग ‘शुभ बोला हो’ म्हणून विषय बदलत. खात्यात माणसं तीनच आणि त्यांत भावजींचं काम सगळ्यांत विचित्र. दवाखाने, दाया, औषधं, शुश्रूषागृहं यांच्याबद्दल सरकार कुठला नवा कायदा करू बघतंय यावर नजर ठेवायची, त्यात कंपनीला जाचक काही दिसलं तर साहेबांच्या कानावर घालायचं, आणि मग साहेब सांगतील ते आमदारांच्या कानावर घालायचं.

“म्हणजे तुम्ही चुगलखोर,” मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले. मेहुणी या नात्याला आपल्याकडे एवढा हक्क असतोच.

“छे हो, मास्तरीणबाई. मी वेधशाळेतला माणूस. वारा कुठून येतोय ते सांगतो.”

“आणि वारा अडवायचा असला तर?”

“तर कुणाला तरी उठून खिडकी लावायला सांगतो,” भावजी म्हणाले आणि त्यांनी पाय खुर्चीच्या लांब हातांवर पसरले.

गुरुवार हा त्यांचा उपासाचा वार नव्हता, सरकारी गॅझेटचा होता. संध्याकाळी ते गॅझेट धुतलेल्या रुमालात गुंडाळून घरी आणीत, हातपाय धुऊन खुर्चीत बसत आणि एका हातात तांबडी, दुसऱ्या हातात निळी पेन्सिल घेऊन वाचायला लागत. तांबडी कंपनीच्या गैरसोयीसाठी, निळी सोयीसाठी. कधीकधी दोन्ही पेन्सिली तशाच हवेत राहत आणि ते समोरच्या डोंगराकडे बघत बसत. ताई चहा ठेवून जाई, चहावर साय धरे, डोंगर निळ्याचा काळा होई, आणि भावजी तिथंच असत. काय बघता एवढं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “एका कलमाचा अर्थ लागत नाहीये. अर्थ असा समोरून येत नाही, जरा लांब बघितलं की कडेनं येतो.” नवराबायकोचं भांडण झालं तरी हे असंच लांब बघत, पण ताई काही कडेनं येणाऱ्यांतली नव्हती.

वाचून झालेली बिलं एका पत्र्याच्या ट्रंकेत जात. ट्रंकेत चार गठ्ठे होते आणि प्रत्येकावर भावजींच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘नवजात’, ‘रांगती’, ‘झोपलेली’ आणि ‘वारलेली’. कायदा होऊन गेलेल्या बिलांना ट्रंकेत जागा नव्हती. ती मोठी झाली, आपापल्या घरी गेली, त्यांची काळजी आपण कशाला करायची, असं त्यांचं म्हणणं. ट्रंक माजघरात होती आणि तिच्यावरच्या फळीवर ताईची पितळी भांडी. एखादं पातेलं ट्रंकेवर दाणकन आपटलं की व्हरांड्यातून आवाज येई, “हळू गं, बिलं उठतील.” ताई चिडून म्हणे, “उठू देत. उठली तर पाणी तरी भरतील दोन बादल्या.” ताईचं डोहाळजेवण, भाचीचं बारसं, माझ्या मामेभावाची मुंज ही सगळी कार्यं विधानसभेचं अधिवेशन नसताना ठरलेली होती. भटजी पंचांग काढत तेव्हा भावजी शेजारी बसून कामकाजाची पत्रिका काढत, आणि दोन्हींतून निर्दोष निघेल तोच मुहूर्त धरला जाई.

अधिवेशन सुरू झालं की भावजी कौन्सिल हॉलच्या प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसत. तिथं वर्षानुवर्षं बसल्यामुळे एक घोटाळा झाला होता. सगळे आमदार त्यांना ठाऊक होते, पण वरून. कुणाचं टक्कल पुढून मागं चाललंय, कुणाच्या टाळूवर तीळ आहे, कोण टोपी काढून डोकं खाजवतो, हे ते झोपेत सांगू शकले असते. समोरून मात्र एकाही आमदाराचा चेहरा त्यांना ओळखू येत नसे. घाटकोपरला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. भावजी कमरेला उपरणं बांधून पंगतीत जिलब्या वाढत होते. पानांमागून पानं करत येता येता ते एका गृहस्थांपाशी थबकले. गृहस्थ मान खाली घालून मठ्ठा पीत होते, आणि त्यांच्या तुळतुळीत टाळूवर डावीकडे वाटाण्याएवढा तीळ होता.

“आपण तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसता ना?” भावजींनी विचारलं.

गृहस्थांनी वर पाहिलं. “मी पहिल्याच पंगतीला बसलोय,” ते म्हणाले, “आणि जिलबी अजून आली नाही.”

भावजींनी जिलबी वाढली नाही. हातातलं ताट तसंच धरून ते दायांच्या नोंदणीच्या बिलाबद्दल बोलायला लागले. त्यांच्यामागं भाताचं पातेलं, त्यामागं वरणाचं, त्यामागं तूपवाले काका अशी सगळी मिरवणूक अडली. मुलीच्या बापाला काय झालंय ते कळेना. शेवटी ताईनं जाऊन उपरण्याच्या टोकाला धरून त्यांना पुढं सरकवलं. पुढं हे आमदार सभागृहात भाषणाला उठले की एकदा वर गॅलरीकडे बघत आणि नकळत टाळूवरून हात फिरवीत. भावजींची आणि त्यांची ओळख झाली ती अशी, आणि पुढं ती उपयोगी पडली.

भावजींनी कधी कुणाला पेढ्यांचा पुडा नेला नाही की कुणाच्या घराचे उंबरे झिजवले नाहीत. त्यांचं हत्यार म्हणजे अर्ध्या कागदाचं टिपण. बाकीच्या कंपन्या आमदारांना वीस-वीस पानांची निवेदनं पाठवत, आणि ती आमदारांच्या घरी दुधाच्या तापलेल्या पातेल्याखाली ठेवायला जात. “आमदाराला दोन मिनिटं असतात,” भावजी सांगत, “त्यातलं एक चष्मा शोधण्यात जातं. उरलेल्या एका मिनिटात जे मावेल तेवढंच लिहावं.” आणि टिपणात ते बिलाला कधीही विरोध करीत नसत. विरोध केला की बिल हट्टाला पेटतं. त्याचं कौतुक करायचं. किती थोर बिल, किती दूरदृष्टीचं, आणि म्हणूनच घाई नको, ते लोकमत अजमावण्यासाठी गॅझेटात छापावं, लोकांनी अमुक तारखेपर्यंत आपली मतं कळवावीत. सभागृहाला हे फार आवडे. लोकमताला नाही कोण म्हणणार? बिल छापलं जाई, तारीख पडे, आणि लोकांकडून एकही मत येत नसे, कारण गॅझेट वाचणारे लोक मुंबई राज्यात दोनच होते, एक भावजी आणि दुसरे पुण्याचे एक निवृत्त मुनसफ, जे प्रत्येक बिलावर विरामचिन्हांबद्दल लिहीत. मग तारीख पुढं ढकलली जाई, अधिवेशन संपे, आणि बिल ‘रांगती’मधून ‘झोपलेली’मध्ये येई. साहेब खूश, कंपनी खूश, आणि भावजी गठ्ठ्याची नाडी हळूच बांधून व्हरांड्यात येऊन बसत.

आमच्या खाली आंबेरकर राहत होते. मूळचे मालवणकडचे, गिरणी सोडून साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात फिटर झालेले. कामगारांसाठी सरकारची विमा योजना तेव्हा नुकतीच आली होती, पण ती मोठ्या कारखान्यांसाठी, आणि आंबेरकरांचं वर्कशॉप तिच्यात बसण्याएवढं मोठं नव्हतं. भावजींनीच मागं लागून त्यांना आपल्या कंपनीचा आजारपणाचा विमा घ्यायला लावला होता. पुढं आंबेरकरांना खोकला झाला, खोकल्याचा क्षय निघाला, आणि कंपनीच्या हमीपत्रावर ते घाटावरच्या एका खाजगी सॅनेटोरियममध्ये दाखल झाले. भावजींना तेव्हा फार बरं वाटलं होतं. “बघा मास्तरीणबाई, आपण नुसती बिलं निजवत नाही.”

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आंबेरकरवहिनी कंपनीचं पत्र घेऊन वर आल्या. पत्र इंग्रजीत होतं. भावजी व्हरांड्यात दाढी करत होते. वहिनींनी पत्र पुढं केलं आणि म्हणाल्या, “भाऊनू, ह्या काय लिवलाहा ता वाचून सांगा.”

भावजींनी एका गालावर साबण तसाच ठेवून पत्र वाचलं. आजार लांबला आहे, नियमाप्रमाणे कंपनीची हमी होळीपर्यंत राहील, त्यानंतर राहणार नाही. त्यांनी ते मराठीत सांगितलं, फार हळू.

“मगे होळयेक तेंका घराक आणूचा?” वहिनींनी विचारलं. “डॉक्टर म्हणता अजून वरीसभर व्हया.”

भावजी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

“खाली सय कोणाची आसा?”

“माझी,” भावजी म्हणाले.

खातं तीन माणसांचं होतं, अशी पत्रं गठ्ठ्यानं सहीला येत, आणि हे पत्र त्यांनी नाव न वाचता सही करून टाकलं होतं. बिलातला एकेक स्वल्पविराम तपासणारा माणूस, आणि त्यानं खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं नाव वाचलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. वहिनी मात्र रागावल्या नाहीत. “तुमचा काम ता तुमी केलास,” एवढं म्हणून त्या जिना उतरून गेल्या, आणि तेच ऐकवेना. ताई आठ दिवस भावजींशी बोलली नाही. डोंगरावरून उतरणारं धुकं त्या आठ दिवसांत घरातच उतरल्यासारखं झालं होतं.

नवव्या दिवशी गुरुवार होता. गॅझेट उघडून बसलेल्या भावजींनी तांबडी पेन्सिल उचलली, निळी उचलली, दोन्ही खाली ठेवल्या आणि आम्हा दोघींना हाक मारली. एका डॉक्टर आमदारानं खाजगी सॅनेटोरियमांबद्दल बिल आणलं होतं, आणि त्याच्या कलम अकरात म्हटलं होतं, की ज्याच्या हमीवर रोगी दाखल झाला असेल त्याची हमी रोगी बरा होईपर्यंत चालू राहील, आणि तोवर रोग्याला घरी पाठवता येणार नाही. भावजींनी ते कलम आम्हाला दोनदा वाचून दाखवलं.

“म्हणजे आंबेरकरांना घरी यावं लागणार नाही?” ताईनं विचारलं. आठ दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य.

“हे पास झालं तर. पण उद्या साहेब मला हे झोपवायला सांगणार.”

साहेबांनी तसंच सांगितलं. आणि भावजींनी ते केलं. आयुष्यातलं सगळ्यांत सुरेख अर्ध्या कागदाचं टिपण त्यांनी लिहिलं, टाळूवर तीळ असलेल्या त्या आमदारांनी ते सभागृहात जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवलं, आणि बिल लोकमतासाठी छापायचं ठरलं. तारीख पडली फाल्गुनातली. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. मी ते ऐकलं आणि रात्रीची पोळी तशीच ताटात टाकून उठले.

“बसा हो, मास्तरीणबाई,” भावजी म्हणाले. “मी सरळ त्याच्या बाजूनं लिहिलं असतं तर साहेबांनी ते दुसऱ्या कुणाकडून मारून टाकलं असतं. आता ते निदान झोपलंय. लोकांचं मत मागवलंय. आजवर कुणी दिलं नाही, कारण आजवर लोकांना कुणी विचारायलाच गेलं नाही.”

आणि ज्या माणसानं नोकरीत लागल्यापासून एकही रजा घेतली नव्हती त्यानं महिन्याची रजा टाकली. संक्रांतीचे दिवस होते, मुलुंडात घरोघर हळदीकुंकू चाललं होतं. बायकांच्या त्या घोळक्यात काळा कोट घातलेला हा एकच पुरुष दाराशी उभा राही, तिळगूळ घेई आणि गॅझेट उघडून कलम अकरा वाचायला लागे. पिठाच्या गिरणीत, पोस्टाच्या पायरीवर, आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत, भाजीवाल्यांच्या टोपल्यांपाशी, जिथं चार माणसं थांबत तिथं ते वाचत. एकदा ते कांजूरमार्गापर्यंत चालत गेले आणि चपला तुटल्या म्हणून अनवाणी आले. त्यांचा एक नियम होता. मजकूर सांगायचा नाही. ज्याचं मत त्यानं आपल्या शब्दांत पोस्टकार्डावर लिहावं आणि सचिवालयाच्या पत्त्यावर टाकावं. ताई म्हणाली, “अहो, तुम्हीच लिहून द्या ना, ते नुसतं सही करतील.” तर म्हणाले, “न वाचता केलेल्या सहीचं काय होतं ते मला ठाऊक आहे.”

त्यामुळे कार्डं फार तऱ्हेतऱ्हेची गेली. एका आजीबाईंनी गुडघेदुखीची हकीगत लिहून शेवटी ‘क्षयवाल्यास घरी पाठवू नये’ असं घातलं. गिरणीवाल्यानं नळाच्या पाण्याची तक्रार केली आणि कलम अकराला पाठिंबा दिला. आंबेरकरवहिनींनी माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली आणि स्वतःच्या हातानं एकच ओळ लिहिली, ‘आमचे मालक बरे होऊन येऊ द्या.’ मीही लिहिलं. भावजींनी मात्र लिहिलं नाही. “मी कंपनीचा नोकर,” ते म्हणाले, “मला मत नाही.”

फाल्गुनात साहेबांनी त्यांना बोलावलं. सचिवालयात गोणीभर कार्डं पडली होती आणि त्यांतली बहुतेक मुलुंडच्या शिक्क्याची होती. साहेब म्हणाले, “तुम्हाला बिल झोपवायला सांगितलं होतं.”

“झोपवलंच आहे, साहेब,” भावजी म्हणाले. “फक्त ते झोपेत बडबडतंय.”

गंमत अशी झाली, की एवढी कार्डं आली म्हणून बिलावर कमिटी बसली. कमिटी बसली म्हणून कार्डं वाचायला मुदत लागली, आणि एकेका कार्डातून गुडघे, नळ आणि कलम अकरा वेगळं काढण्यात अधिवेशनामागून अधिवेशन गेलं. बिल ना जागं होई ना मरे. आणि ते तसं पडून होतं तोवर त्या सॅनेटोरियममधून रोग्यांना घरी धाडायला मालक धजेनात आणि हमी तोडायला कंपनी धजेना. उद्या कलम अकरा खरंच पास झालं तर कुणाच्या गळ्यात येईल, आणि कार्डं लिहिणारे लोक पेपरात काय लिहितील, याचा कुणालाच भरवसा नव्हता. साहेबांनी नाइलाजानं कळवलं, बिलाचा निकाल लागेपर्यंत आहे ते चालू द्या. होळी आली, गेली. दुसरी होळी आली. तिच्यानंतरच्या पंधरवड्यात आंबेरकर स्वतःची वळकटी स्वतः उचलून फाटकातून आत आले. वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. भावजी वर कठड्याशी उभे होते. खाली जायचं धैर्य त्यांना झालं नाही. आंबेरकरांनीच वर बघून हात जोडले, तेव्हा हे घाईघाईनं घरात आले आणि चष्मा पुसत बसले.

पुढं निवडणुका लागल्या, विधानसभा बरखास्त झाली आणि पुऱ्या न झालेल्या सगळ्या बिलांबरोबर तेही बिल संपलं. भावजींना तोवर आगीच्या विम्याच्या खात्यात टाकलं होतं. तिथं गॅझेट येत नसे. “तिथं सगळं आधीच जळून येतं,” ते म्हणत, “वाट बघण्यासारखं काही नसतं.” पण गुरुवारी ते तसेच हातपाय धुऊन खुर्चीत बसत, दोन्ही हात रिकामे, आणि डोंगराकडे बघत राहत. मी एकदा म्हणाले, “भावजी, आंबेरकर बरे झाले. तुम्ही जिंकलात.” त्यांनी डोंगरावरची नजर काढली नाही. मग म्हणाले, “त्या एका झोपेत जेवढे मावले तेवढेच बरे झाले हो. पत्रं मी किती जणांना लिहिली होती, माहीत आहे?” त्यांनी आकडा सांगितला नाही, मीही विचारला नाही.

भावजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यामागं ताईनं ट्रंक रिकामी करायला काढली तेव्हा ती माळ्यावर होती. आंबेरकर ती उतरवायला वर आले. म्हातारे झाले होते, पण छाती ठणठणीत. ट्रंक जिन्यापाशी जरा टेकवताना तिचा आवाज झाला आणि ताईच्या तोंडून निघून गेलं, “हळू हो.” आम्ही तिघंही हसलो आणि मग कुणालाच पुढं हसू येईना. चारही गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवले. त्या बिलाची प्रत ‘वारलेली’मध्ये असेल म्हणून मी शोधली, तर तिथं नव्हती. ‘झोपलेली’मध्येही नव्हती. ती निघाली ट्रंकेच्या तळाशी, एकटी, त्यांच्या त्या गॅझेटच्या रुमालात गुंडाळलेली. वरच्या चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘झोपलं आहे. कुणीतरी उठवावं.’

मी साधी शाळामास्तरीण. बिल कसं उठवतात ते मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी जन्मभर झोपवण्याचंच काम केलं. रुमाल माझ्या कपाटात आहे. विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं की मी पेपरातली आतली पानं नीट वाचते, आणि कपाटाचं दार लावताना फार आवाज करत नाही.